रत्नजडित जेड कसे पाहावे: नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

मुघल किंवा उस्मानी (तुर्कस्तानच्या ऑटोमन) दरबारातील जेडची रत्नजडित वस्तू समोर आली की बहुतेकांची नजर आधी माणकांवर, मग पाचूंवर आणि त्यानंतर सोन्याच्या वेलबुट्टीवर जाते. ज्या दगडात हे सारे बसवले आहे तो मात्र नीट पाहिला जात नाही. या विषयाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून आधी दगड, मग सोने आणि सर्वांत शेवटी रत्ने हा क्रम अंगी बाणवावा, असे मला मनापासून वाटते. यामागचे कारण व्यवहारातले आहे. अशा वस्तूतील रत्ने निखळतात, काढून घेतली जातात, पुढच्या मालकाच्या ऐपतीप्रमाणे बदलली जातात. सोन्याचे कामही कधी कधी दुसऱ्या हाताने पुन्हा झालेले असते. घडवलेला दगड मात्र सहसा बदलता येत नाही, म्हणून वस्तूचा काळ आणि तिचे घराणे यांची सर्वांत विश्वासू साक्ष तोच देतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी पहिली: दगडाची ओळख

जेड या एका नावाखाली दोन निराळे दगड येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचे सिलिकेट आहे, तर जेडाइट हे सोडियम आणि ॲल्युमिनियम यांचे. मोह्सच्या मापावर नेफ्राइटची कठीणता ६ ते ६.५ आणि जेडाइटची ६.५ ते ७ भरते. नेफ्राइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.९५, तर जेडाइटचे सुमारे ३.३ असते, त्यामुळे सारख्याच आकाराचा जेडाइटचा तुकडा हाताला अधिक जड लागतो. इस्लामी जगातील दरबारी वस्तूंचा विचार करताना नेफ्राइटच गृहीत धरावे. ब्रह्मदेशातील पाचूसारखे हिरवेगार जेडाइट अठराव्या शतकात चीनमध्ये लोकप्रिय झाले. त्यामुळे झगझगीत हिरव्या, पारदर्शकतेकडे झुकणाऱ्या जेडाइटचा प्याला कोणी शाहजहानच्या काळचा म्हणून दाखवला, तर तिथेच थांबून शंका घ्यावी.

फारसी आणि उर्दू ग्रंथांत या दगडाला यश्म किंवा यशब म्हणतात. त्याचा मुख्य पुरवठा खोतानहून, म्हणजे आजच्या पश्चिम चीनमधील, कुनलुन पर्वताच्या उत्तरेकडील प्रदेशातून होत असे. या पर्वतातून उतरणाऱ्या दोन नद्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या: पांढऱ्या जेडची युरुंगकाश आणि काळ्या जेडची काराकाश. अल्-बिरूनी (९७३–१०४८) याने आपल्या खनिजांवरील ग्रंथात खोतानच्या या दगडाची नोंद केली आहे, आणि तुर्क लोक विजयासाठी तलवारी, पट्टे आणि खोगिरे त्याने सजवतात, असेही लिहिले आहे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी बेंतो द गोइश हा येशूसंघाचा पोर्तुगीज बंधू लाहोरहून यारकंदमार्गे चीनकडे निघाला. तो गोव्यात संघात दाखल झाला होता. चीनला जाणाऱ्या काफिल्यांचा सर्वांत मोलाचा माल म्हणजे हाच दगड, आणि तो काही नदीतून वेचलेला तर काही डोंगरातून फोडून काढलेला असतो, हे त्याच्या प्रवासवृत्तांतातून कळते. दिल्ली आणि आग्र्याच्या कारखान्यांत जेड कसे पोहोचत असेल, याची कल्पना अशा नोंदींवरून येते.

संग्रहालयात काचेबाहेरून पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे झळाळी: उत्तम घोटलेल्या नेफ्राइटची चमक काचेसारखी कोरडी नसून तुपाचा हात फिरवल्यासारखी स्निग्ध असते. दुसरी म्हणजे कड: जिथे दगड पातळ झाला आहे तिथे मागून प्रकाश आला की तो आतून उजळतो, आणि जाड भागात दुधाळ राहतो. तिसरी म्हणजे दगडाच्या पोटातील ढगाळ पुंजके, बारीक शिरा आणि तपकिरी डाग. लोहाचे प्रमाण वाढत जाईल तसा रंग पांढऱ्याकडून हिरव्याकडे आणि गडद छटांकडे झुकतो. याउलट काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात, संगमरवरात स्फटिकांचे कण चमकतात, आणि जेड म्हणून सर्रास विकले जाणारे सर्पेंटाइन वजनाने हलके असून त्याच्या कडा लवकर झिजतात. सुरीने ओरखडा काढून पाहण्याची जुनी पद्धत कोणीही वापरू नये. त्यातून खात्रीलायक निष्कर्ष निघत नाही आणि वस्तूला कायमची इजा होते.

पायरी दुसरी: घासकाम वाचणे

नेफ्राइटला छिन्नी लावून उपयोग नसतो. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की घावाने त्याचा टवका उडत नाही, म्हणून तो घासूनच घडवावा लागतो. कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या दांडीला चाकती लावायची, तिच्यावर पाण्यात कालवलेली कुरुंदाची किंवा हिऱ्याची पूड सोडत राहायची आणि दगड कणाकणाने झिजवायचा, अशी ही पद्धत. दगडाला आकार देणारी खरी वस्तू म्हणजे ती पूड, चाकती केवळ तिला वाहून नेते. कामाला किती धीर लागत असेल हे यावरून समजते. पण याच चिवटपणामुळे कारागिराला प्याल्याची भिंत विलक्षण पातळ करता येते आणि पाकळीची कड पुढे काढूनही ती तुटत नाही.

या पायरीचा अभ्यास करण्यासाठी ज्यात एकही रत्न नाही असा एक प्याला मी आधी सुचवीन. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शाहजहानचा पांढऱ्या नेफ्राइटचा मद्याचा प्याला आहे. त्यावर हिजरी १०६७, म्हणजे इसवी सन १६५७, आणि बादशहाच्या कारकिर्दीचे ३१ वे वर्ष कोरलेले आहे. प्याल्याचे अंग अर्ध्या भोपळ्यासारखे फुगीर आहे. ते एका बाजूला निमुळते होत जाते, वळते आणि त्याच दगडातून शिंगे असलेल्या रानबोकडाचे मस्तक होऊन संपते. तळाशी उमललेले कमळ आहे, त्याच्याच पाकळ्यांवर प्याला उभा राहतो, आणि बाजूने अकँथस या युरोपीय नक्षीतील झाडाची कातरलेली पाने वर चढतात. भोपळ्याच्या आकाराला चिनी पूर्वपरंपरा आहे, अकँथस युरोपकडून आलेले आहे आणि कमळ इथले आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील मोठे छायाचित्र उघडून मस्तकापासून अंगापर्यंत नजर हळूहळू फिरवावी. बोकड कुठे संपतो आणि प्याला कुठे सुरू होतो हे बोट ठेवून सांगता येत नाही. मुघल घासकामाची ही कसोटी एकदा डोळ्यांत बसली की रत्नांनी मढवलेल्या पण आतून ओबडधोबड वस्तू आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

त्यानंतर कोणत्याही रत्नजडित प्याल्यात किंवा डबीत आतली बाजू, बुडाची कडी आणि पानांच्या खालचे कोपरे पाहावेत. दर्शनी भाग कोणीही घोटतो. उत्तम कारखान्यातील वस्तू मात्र या अडचणीच्या जागीही तितकीच गुळगुळीत असते, तर घाईत केलेल्या अलीकडच्या नकलेत तिथे चाकतीचे समांतर चरे जसेच्या तसे राहिलेले दिसतात.

पायरी तिसरी: कोंदण

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. धातूच्या दागिन्यात रत्न बसवायचे तर त्याभोवती घर झाळून घेता येते किंवा नखांनी रत्न धरता येते. दगडावर झाळकाम करता येत नाही, आणि तापवले तर दगड व रत्न दोन्ही धोक्यात येतात. मग जेडच्या अंगात माणिक बसते कसे? त्याचे उत्तर शुद्ध सोन्याच्या एका गुणात आहे. सोने अत्यंत शुद्ध केले आणि ठोकून त्याच्या पातळ पट्ट्या केल्या, तर त्या पट्ट्या एकमेकींवर नुसत्या दाबानेच, आच न लावता, एकजीव होतात. कुंदन किंवा कोंदण म्हणून आपल्याकडे जे काम ओळखले जाते ते याच गुणावर उभे आहे.

कामाचा क्रम असा असतो. आधी जेडवर नक्षीची रेघ आखली जाते, मग त्या रेघेप्रमाणे खाच घासून काढली जाते. खाचेच्या भिंती खालच्या अंगाला किंचित आत कोरतात, म्हणजे तोंड अरुंद आणि तळ रुंद होतो. रत्न जिथे बसायचे तिथे घर खोदले जाते, त्याच्या तळाशी चकचकीत वर्ख, म्हणजे जवाहिऱ्यांच्या भाषेतील डांक, घालतात. डांकेमुळे रत्नात शिरलेला प्रकाश परत फिरतो आणि फिके माणिकही पेटल्यासारखे दिसते. त्यावर रत्न ठेवून भोवतीच्या फटीत सोन्याच्या पट्ट्या पोलादी टोकाच्या हत्याराने थरावर थर दाबत जातात. सोने खालच्या रुंद भागात पसरून अडकते आणि वरून रत्नाची कड हळूच पकडते. शेवटी वरचा भाग कापून, घोटून सारखा केला जातो, आणि पानावर शिरा किंवा देठावर रेघ हवी असेल तर ती या सोन्यावर कोरली जाते. या पद्धतीमुळे रत्नाचा आकार ठरावीक असण्याची गरजच उरत नाही. पाकळी जशी वळेल तसे माणिक कापायचे आणि सोन्याने उरलेली जागा भरून काढायची.

हे काम समजून घेण्यासाठी रत्न निखळलेले रिकामे घर शोधावे. संग्रहालयात अनेकजण अशा वस्तूंपुढून झटकन पुढे जातात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. साधे भिंग किंवा छोटी दुर्बीण घेऊन त्या रिकाम्या घरात पाहिले तर खोदाईची खोली दिसते, तळाशी काळवंडलेल्या डांकेचा तुकडा दिसतो, आणि भोवतीच्या सोन्याच्या कडेवर पट्ट्यांचे थर कुठे कुठे वेगळे ओळखू येतात. अखंड, चकाकणारी वस्तू आपल्या बांधणीविषयी जे लपवते ते असे एक रिकामे घर उघड करते. नकला ओळखण्यासही याचा उपयोग होतो, कारण स्वस्त नकलेत खाच उथळ असते, सोन्याच्या जागी मुलामा किंवा नुसता सोनेरी रंग असतो आणि खडे डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात. अस्सल कामात सोन्याची कड आणि दगड यांच्यामध्ये केसभरही फट नसते. नकलेत तिथे मळाची बारीक काळी रेघ दिसते.

पायरी चौथी: रत्ने

आता रत्नांकडे वळावे. मुघल जेडवर प्रामुख्याने माणिक आणि पाचू दिसतात, काही ठिकाणी हिरे, आणि माणकासारखीच दिसणारी पण निराळी अशी बदख्शानची लाल रत्ने. माणके ब्रह्मदेश आणि श्रीलंकेकडून येत, हिरे गोवळकोंड्याच्या बाजूने. सतराव्या शतकातील मोठे पाचू मात्र बहुतांशी दक्षिण अमेरिकेतील, आजच्या कोलंबियातील खाणींचे होते. स्पॅनिश आणि पोर्तुगीज व्यापारातून ते आशियात आले, आणि गोवा हे त्या व्यापाराचे एक मोठे ठाणे होते. आग्र्याच्या एखाद्या प्याल्यावरील पाचूच्या पानात मांडवीच्या काठावरच्या या बाजारपेठेचा वाटा असू शकतो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

खड्यांच्या कापणीकडे अवश्य पाहावे. जुन्या कामात माणके आणि पाचू बहुधा गुळगुळीत, किंचित फुगीर घोटलेले किंवा पाकळीच्या आकारात सपाट कापलेले असतात. अनेक पैलूंचा, आधुनिक पद्धतीने कापलेला हिरा मुघल कोंदणात बसलेला आढळला तर तो नंतरचा आहे असे समजावे. मात्र तेवढ्यावरून संपूर्ण वस्तू खोटी ठरत नाही.

पायरी पाचवी: घराणी वेगळी करणे

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. तैमूरी (मध्य आशियातील तैमूर व त्याच्या वंशजांचे), उस्मानी आणि मुघल काम एकाच प्रकारच्या दगडात असते आणि सोन्याचा वापर तिन्हींत आढळतो, म्हणून वरवर सर्व सारखे भासते.

तैमूरी वस्तूंत दगड बहुधा गडद हिरवा किंवा काळपट, घडण भरीव, आणि रत्ने जवळपास नसतातच. समरकंदमध्ये तैमूरच्या कबरीवरील गडद नेफ्राइटची शिळा त्याचा नातू उलुगबेग याने बसवली. त्याच उलुगबेगचे नाव कोरलेला, ड्रॅगनच्या आकाराची मूठ असलेला प्याला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे तो कडेला फुटला, तेव्हा चांदीने त्याची दुरुस्ती झाली आणि त्या चांदीवर ‘ईश्वराच्या कृपेला अंत नाही’ अशा अर्थाची तुर्की ओळ कोरली गेली. मोडलेल्या कडेला दिलेला इतका मान क्वचितच पाहायला मिळतो.

इराणचा शाह इस्माईल याच्या नावाचा, सोन्याच्या नाजूक वेलींनी जडवलेला गडद जेडचा तांब्या इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात आहे. १५१४ मधील चाल्दिरानच्या लढाईनंतर सुलतान सलीमच्या हाती लागलेल्या लुटीतून तो तिथे आला असे मानले जाते. त्या स्वारीनंतर तब्रीझहून कारागीरही इस्तंबूलला नेण्यात आले, आणि सोळाव्या शतकातील उस्मानी जडावकामात इराणी वेलबुट्टीची छाया दिसते ती यामुळेच. उस्मानी वस्तू ओळखण्याची सोपी खूण अशी: सोन्याच्या तारेची वेल दगडाच्या पृष्ठभागाशी समतल असते, पण रत्न मात्र वर उचललेल्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडेच्या सोनेरी घरात बसवलेले असते. त्यामुळे रत्ने पृष्ठभागावर ठिपक्यांसारखी उभी राहतात. वेल आणि रत्न यांचे नाते सैल असते, म्हणजे रत्न काढले तरी वेल पूर्णच दिसते.

मुघल कामात याच्या उलट, रत्न हाच फुलाचा देह असतो. माणकाच्या पाकळ्या, पाचूची पाने, सोन्याचा देठ असे ओळखू येणारे संपूर्ण झाड जेडच्या पांढऱ्या भूमीवर उगवते, आणि सारे काम पृष्ठभागात मुरलेले वाटते. रत्न काढले तर फुलच नाहीसे होते. ताजमहालातील पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे नाते लगेच पटेल. मुघलांमध्येही काळाप्रमाणे फरक आहे. जहांगीरच्या वेळी तैमूरी वळण अजून ठसठशीत आहे; न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील त्याची जेडची दौत, जी मूमिन जहांगिरी या कारागिराने हिजरी १०२८ मध्ये, म्हणजे १६१८–१९ मध्ये घडवली, त्याचा उत्तम नमुना आहे. शाहजहानच्या काळी पांढरा दगड आणि निसर्गातील हुबेहूब रूपे यांना पसंती मिळाली. त्याच संग्रहालयात सुमारे १६४० चा एक खंजीर आहे, त्याची मूठ नीलगाईच्या मस्तकाची आहे. ताणलेल्या मानेच्या रेषेतून जनावराचा जिवंतपणा जाणवतो. औरंगजेबापासून अठराव्या शतकापर्यंत रत्नजडित वस्तूंची संख्या आणि प्रकार वाढत गेले: आरशांच्या पाठी, हुक्क्यांची भांडी, पानदाने, अत्तराच्या डब्या, पट्ट्यांची बक्कले, चवऱ्यांच्या दांड्या, घोड्याच्या किंवा मेंढ्याच्या तोंडाच्या मुठी. यांतील काही अप्रतिम आहेत. मात्र पुष्कळ वस्तूंत तोच तो साचा गिरवलेला आहे, आणि केवळ ‘मुघल’ या शब्दाने भारावून जाऊन त्यांना शाहजहानी कामाच्या पंक्तीला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथे घराणे चीनचे. १७५९ पर्यंत चिंग साम्राज्याने पूर्व तुर्कस्तान जिंकल्यावर हिंदुस्थानी धाटणीची जेडची भांडी पेकिंगला पोहोचू लागली. सम्राट छ्यानलुंग त्यांच्या पातळपणावर इतका लुब्ध झाला की त्याने त्यांवर कविता रचल्या आणि त्यांतील काही थेट भांड्यांवर कोरवून घेतल्या. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात असा मोठा संग्रह आहे. पुढे चीनमध्येही त्या वळणाची भांडी बनू लागली, म्हणून चिनी कविता कोरलेली प्रत्येक वस्तू भारतातच घडली असे गृहीत धरता येत नाही.

पायरी सहावी: कोरीव लेख

बादशहाचे नाव दिसले की नवा अभ्यासक निर्धास्त होतो, पण नाव आणि वस्तू एकाच काळातील असतील असे नाही. लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयातील पांढऱ्या जेडच्या सुरईवर उलुगबेगचे, जहांगीरचे आणि शाहजहानचे असे तिघांचेही नाव आहे. सुरई पंधराव्या शतकातील असून पुढच्या दोघांनी, तैमूरचे वंशज या नात्याने, तिच्यावर आपली नावे घातली. शाहजहान स्वतःला ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’, म्हणजे शुभ ग्रहयोगाचा दुसरा स्वामी, म्हणवत असे, आणि या किताबातील पहिला तो तैमूर. म्हणजे जेड बाळगणे ही मुघलांसाठी केवळ हौस नव्हती, ती वंशाची साक्ष होती.

लेख वाचता आला नाही तरी वर्ष वाचायला शिकावे. अरबी अंकांत टिंब म्हणजे शून्य आणि पोकळ गोलसर आकृती म्हणजे पाच. आपण मराठी सवयीने त्या गोलाला शून्य समजतो आणि वर्ष चुकते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून स्थूल हिशेबासाठी त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत: १०६७ चे साधारण १०३५ होतात, आणि ६२२ मिळवले की १६५७ येते.

पायरी सातवी: प्रत्यक्ष पाहणे

महाराष्ट्रातून सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे हैदराबादचे सालारजंग संग्रहालय. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९), यांच्या संग्रहावर ते १९५१ मध्ये सुरू झाले. तिथे जेडसाठी स्वतंत्र दालन आहे. शाहजहानचा किताब कोरलेली धनुर्धराची अंगठी (धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायची), जहांगीरच्या नावाशी जोडलेला खंजीर आणि नूरजहानच्या नावाने ओळखली जाणारी फळे कापण्याची सुरी ही तिथली प्रसिद्ध आकर्षणे. दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या नावाची जेडची रेहाल, म्हणजे ग्रंथ ठेवायची घडवंची, पाहताना सहाव्या पायरीवरील सावधगिरी आठवावी, म्हणजे लेख, दगड आणि घडण यांचा स्वतंत्रपणे विचार करावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या जेडच्या वस्तू आहेत. एकाच छताखाली चिनी आणि भारतीय काम शेजारी ठेवून पाहण्यासाठी ती जागा चांगली आहे.

एका भेटीत सगळे दालन पालथे घालण्यापेक्षा तीन-चार वस्तू निवडून प्रत्येकीपुढे निवांत उभे राहावे. वहीत आधी दगडाचा रंग आणि झळाळी, मग घडण, मग सोन्याची पातळी, मग रत्ने अशा क्रमाने टिपणे लिहावीत, आणि ती लिहून होईपर्यंत वस्तूखालची पाटी वाचू नये. घरी परतल्यावर ब्रिटिश म्युझियम, मेट्रोपॉलिटन आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रांशी ती टिपणे ताडून पाहावीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधील मुघल जेडचा मोठा भाग कर्नल चार्ल्स सेटन गथ्री यांच्याकडून १८६८ मध्ये विकत घेतलेला आहे आणि त्याच्या नोंदी अभ्यासाला फार उपयोगी पडतात.

पायरी आठवी: वस्तू हाताशी असेल तर

घरात वारशाने आलेली एखादी डबी, मूठ किंवा छातीवरची हौलदिली, म्हणजे धडधडीवर उतारा म्हणून घालायचा जेडचा ताईत, असेल तर तिला कधीही पाण्याने धुवू नये. कोंदणाच्या कडेतून ओल आत शिरली की खालची डांक काळवंडते आणि रत्न कायमचे निस्तेज होते. साबण, चांदी उजळण्याची द्रावणे आणि ध्वनिलहरींची सफाई यंत्रेही वर्ज्य समजावीत. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे आहे. निखळलेला खडा घरच्या गोंदाने चिकटवू नये. तो कागदाच्या पुडीत, कोणत्या घरातून निघाला हे लिहून, वस्तूसोबत ठेवावा. खात्री करून घ्यायची असल्यास रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत वक्रीभवनांक, विशिष्ट गुरुत्व आणि रामन वर्णपट यांची तपासणी होते. या तपासण्यांनी वस्तूला ओरखडाही पडत नाही. त्यांतून खनिज कोणते हे निश्चित कळते. घडण कोणत्या काळची हे मात्र मागील पायऱ्यांनीच ठरवावे लागते.

विकत घेताना कायद्याचे भान ठेवावे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार अशी वस्तू १०० वर्षे किंवा त्याहून जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडे सामानातून आजीची जडावाची डबी पाठवण्याचा बेत असेल, तर ती खरोखर किती जुनी आहे याविषयी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी विचारणा करावी. डबी अलीकडची ठरली तर पुरावस्तू नसल्याचे लेखी प्रमाणपत्र घेऊनच ती पाठवावी.